डॅफ-२ गप्प करा, आयुष्य मोजा: सी. एलेगन्समध्ये आरएनएआयचा पहिला प्रयोग

वार्धक्याशी निगडित जनुक आरएनए इंटरफिअरन्सने, म्हणजे लॅबच्या रोजच्या बोलण्यातल्या आरएनएआयने, बंद पाडायचे आणि त्यामुळे प्राण्याचे आयुष्य बदलते का ते पाहायचे, एवढा प्रयोग एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये सहज बसतो. अट एकच, प्राणी सी. एलेगन्स हवा. मिलिमीटरभर लांबीचा हा सूत्रकृमी २० अंश सेल्सियसला साडेतीन दिवसांच्या आसपास अंड्यापासून प्रौढ होतो आणि दोन-तीन आठवडे जगतो. त्याचे जनुक बंद पाडायला इंजेक्शनही द्यावे लागत नाही, योग्य जिवाणू खायला घातले की झाले. उंदरात हाच प्रश्न विचारला तर उत्तर यायला दोन-तीन वर्षे जातात.

सोपे आहे म्हणूनच फसगतही जास्त होते. या प्रयोगात मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत: जनुक खरोखर बंद पडले का, आणि आयुष्य बदलले का. नवखी मंडळी दुसऱ्याचे उत्तर महिनाभर मोजत बसतात आणि पहिला विचारायचाच राहून जातो. मग आलेखातल्या दोन्ही रेषा एकमेकींवर आल्या की ‘या जनुकाचा वयाशी संबंध नाही’ असे लिहून मोकळे होतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हातात नसेल तर हे वाक्य लिहिता येत नाही.

पुढचे सगळे प्रयोगशाळेतल्या कृमीपुरते आहे. आरएनएआयवर चालणारी औषधे माणसांसाठी आहेत. पॅटिसिरान २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, कोलेस्टेरॉलवरचे इन्क्लिसिरान त्यानंतर आले. दोन्ही यकृतातल्या एकेका ठरावीक जनुकावर काम करतात. म्हातारपणावर म्हणून मंजूर झालेले आरएनएआय औषध एकही नाही. तसे काही ऑनलाइन विकायला दिसले तर लांब राहा.

आत काय घडते

अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये याच कृमीत दाखवले की जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए आत गेला की त्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए नष्ट होतो. २००६ चे नोबेल त्याबद्दलच मिळाले. पेशीतले डायसर हे विकर दुपदरी आरएनएचे बारीक तुकडे करते. आर्गोनॉट प्रथिने ते तुकडे धरून जुळणारा संदेश शोधतात आणि तो निकामी करतात. कृमीत आणखी एक सोय आहे. एसआयडी-१ नावाच्या वाहिनीतून दुपदरी आरएनए एका पेशीतून दुसरीत जातो, म्हणून आतड्यात शिरलेला आरएनए जवळपास सगळ्या शरीरात पोचतो. अपवाद चेतापेशींचा. साध्या एन२ या प्रमाण वाणाच्या कृमीत त्या आरएनएआयला फारशी दाद देत नाहीत, हे आत्ताच डोक्यात ठेवा.

खायला घालायचा जिवाणू म्हणजे ई. कोलायची एचटी११५ ही जात. तिच्यात दुपदरी आरएनए तोडणारे आरएनेज-३ हे विकर नसते, आणि आयपीटीजी हे रसायन दिले की टी७ पॉलिमरेज हे आरएनए बनवणारे विकर तयार होते. एल४४४० या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या लहान वर्तुळात, जनुकाचा तुकडा दोन टी७ प्रमोटरांच्या (टी७ जिथून वाचायला सुरुवात करते त्या जागांच्या) मध्ये बसवलेला असतो. दोन्ही बाजूंनी आरएनए वाचला जातो, ते दोन धागे जुळतात आणि जिवाणू दुपदरी आरएनएने भरतो.

पहिल्या प्रयोगासाठी जनुक डॅफ-२ घ्या. सिंथिया केनियन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवले की डॅफ-२ मध्ये उत्परिवर्तन असलेले कृमी दुपटीहून अधिक जगतात, आणि त्यासाठी डॅफ-१६ शाबूत असावे लागते. पुढे कळले की डॅफ-२ हा इन्सुलिन व आयजीएफ-१ यांच्या ग्राहकासारखा ग्राहक आहे आणि डॅफ-१६ हा फॉक्सो जातीचा नियंत्रक. डॅफ-२ बंद पडले की डॅफ-१६ केंद्रकात जाऊन संरक्षक जनुके चालू करतो. म्हणून तीन गट लावा: रिकामे (जनुकाचा तुकडा नसलेले) एल४४४०, डॅफ-२ आणि डॅफ-१६. पहिला तुलनेसाठी, दुसऱ्यात आयुष्य वाढायला हवे, तिसऱ्यात थोडे घटायला हवे. तीन रेषा अपेक्षित क्रमाने आल्या की हात बसला. नवे जनुक त्यानंतरच हाती घ्या, आणि हे तीन गट त्या प्रयोगातही शेजारी ठेवा.

तयारी आणि परवानगी

कृमी आणि जिवाणू मिनेसोटा विद्यापीठातल्या सीजीसी या संग्रहातून मागवता येतात. आयातीचे कागद सांभाळण्यापेक्षा आधी देशातल्या एखाद्या वर्म लॅबला विचारावे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) या कृमीवर काम चालते. एचटी११५मधले एल४४४० हे जनुकबदल केलेले जिवाणू धरले जातात, त्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज आधी करा. प्लेटा ओतून झाल्यावर हे आठवले तर त्या वाया जातात.

उपकरणांत सगळ्यात महत्त्वाचा २० अंशांवर स्थिर राहणारा बीओडी इन्क्युबेटर. तापमान वाढले की कृमी लवकर मरतात, कमी झाले की जास्त जगतात, आणि हा फरक तुमच्या जनुकाच्या फरकाएवढा मोठा असू शकतो. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये वीज चार तास गेली तर इन्क्युबेटरच्या आत काय होते ते वेगळे सांगायला नको. २७ अंशांच्या वर तर कृमींची पैदासच बसते. इन्क्युबेटर बॅकअपवर ठेवा आणि प्लेटांच्या गठ्ठ्यातच तापमान नोंदणारा छोटा लॉगर ठेवा. दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. तिन्ही गटांच्या प्लेटा एकाच फळीवर मिसळून ठेवा. एक गट वर आणि दुसरा पंख्याजवळ असे नको.

बाकी स्टिरिओ मायक्रोस्कोप, ३० ते ३२ गेजची दोन-तीन सेंटिमीटर प्लॅटिनम तार पाश्चर पिपेटमध्ये वितळवून बसवलेली, ऑटोक्लेव्ह, आणि ६० मिमीच्या प्लेटा. तारेचे टोक चपटे करून किंचित वर वळवा. टोकदार राहिले तर आगर फाटते, कृमी त्या भोकात शिरतात आणि मोजणीतून गायब होतात.

प्लेटा

एक लिटर एनजीएमसाठी, म्हणजे कृमींच्या नेहमीच्या आगर माध्यमासाठी, ३ ग्रॅम सोडियम क्लोराइड, २.५ ग्रॅम पेप्टोन, १७ ग्रॅम आगर आणि ९७५ मिलि पाणी ऑटोक्लेव्ह करा. ५५ अंशांपर्यंत निवू द्या. मग या क्रमाने, प्रत्येक वेळी नीट ढवळून घाला: १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिलि, इथेनॉलमधले ५ मिलिग्रॅम प्रति मिलिचे कोलेस्टेरॉल १ मिलि, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिलि, आणि शेवटी ६.० पीएचचे १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट २५ मिलि. न ढवळता सगळे एकदम ओतले तर कॅल्शियम आणि फॉस्फेटचा पांढरा साका बसतो. तशी प्लेट फेकून द्यावी, कारण त्या खडीत कृमी दिसत नाहीत.

याच टप्प्यावर १ मोलर आयपीटीजी १ मिलि (म्हणजे पाण्यात २३८ मिलिग्रॅम प्रति मिलि, गाळून) आणि २५ मिलिग्रॅम प्रति मिलिचे कार्बेनिसिलिन १ मिलि घाला. अँपिसिलिनऐवजी कार्बेनिसिलिन घ्यायचे ते जास्त टिकते म्हणून. प्रतिजैविक संपले की जिवाणू प्लाझ्मिड टाकून देतात, आणि तुम्ही डॅफ-२ च्या नावाखाली साधे जेवण वाढत राहता. आगर खूप गरम असताना दोन्ही घातले तर खराब होतात, ६० अंशांच्या वर घालू नका.

प्रत्येक प्लेटमध्ये १० मिलि. दोन-तीन दिवस खोलीत, अंधारात सुकवा आणि नंतर ४ अंशांवर ठेवा. आयपीटीजीला उजेड सोसत नाही. महिन्याच्या आत वापरा. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत प्लेटा लवकर सुकत नाहीत. ओलसर आगरावर जिवाणूंचा थेंब पसरतो, कडेला पोचतो आणि कृमी भिंतीवर चढतात. तिथे एक-दोन दिवस जास्त द्या किंवा लॅमिनार फ्लोमध्ये झाकण उघडून अर्धा तास ठेवा.

तीन गट, प्रत्येकी पाच प्लेटा, प्रत्येक प्लेटवर २५ कृमी हा हिशेब धरा. सुरुवातीला दर दोन दिवसांनी आणि नंतर पाच-सहा दिवसांनी प्लेट बदलायची, तर एकूण सव्वाशे ते दीडशे प्लेटा लागतात. म्हणजे दीड लिटर माध्यम. एकदम सगळे ओतू नका, दोन हप्त्यांत ओता.

जिवाणू

गोठवलेल्या साठ्यातून एलबी (जिवाणूंचे नेहमीचे माध्यम) प्लेटवर रेघा ओढून एकेक कॉलनी मिळवा. या प्लेटवर अँपिसिलिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम आणि टेट्रासायक्लिन १२.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि चालते. द्रव वाढीत मात्र टेट्रासायक्लिन घालू नका, त्याने आरएनएआयची धार कमी होते. ही प्लेट दोन आठवड्यांहून जुनी झाली की नवीन ओढा.

लायब्ररीतला क्लोन, म्हणजे एकेका जनुकाचा तुकडा बसवलेला तयार जिवाणू, आला म्हणजे तो तोच असेल असे धरून चालू नका. आहरिंगर लायब्ररीत सोळा हजारांहून अधिक क्लोन आहेत, आणि त्यांत चुकीच्या जागी गेलेलेही सापडतात. पडताळणी स्वस्त आहे. दोन्ही बाजूंना टी७ असल्यामुळे टी७चा एकच प्रायमर घेऊन कॉलनी पीसीआर केला तरी मधला तुकडा वाढतो, त्याची लांबी पाहा. सीक्वेन्सिंगला मात्र टी७ प्रायमर पाठवू नका. तो दोन्ही टोकांना बसतो आणि दोन वाचने एकमेकांत मिसळून येतात. टी७च्या बाहेर, वेक्टरवर बसणारा प्रायमर पाठवा. पहिल्या वेळी हे जवळपास प्रत्येकाला कंपनीकडून ‘मिश्र नमुना’ असा शेरा आल्यावर कळते.

स्वतः क्लोन करायचा असेल तर जनुकाच्या एक्सॉनवरचा ५०० ते १५०० बेसचा तुकडा घ्या. दुसऱ्या कुठल्या जनुकाशी २०० बेसच्या पट्ट्यात ८० टक्क्यांहून जास्त साम्य असेल तर तो तुकडा सोडा, नाहीतर एकाऐवजी दोन जनुके बंद पडतात.

एक कॉलनी अँपिसिलिन असलेल्या एलबीत ३७ अंशांवर रात्रभर हलवा. सकाळी सगळ्या नळ्यांचा ओडी (गढूळपणा, म्हणजे जिवाणूंची दाटी) मोजून, सौम्य करून किंवा गोळा करून, सारखा करा. ही पायरी वगळण्याचा मोह होतो. पण एखाद्या गटाचे जेवण विरळ राहिले तर उपासमारीनेच कृमी जास्त जगतात, आणि श्रेय जनुकाला मिळते. प्रत्येक प्लेटच्या मधोमध २०० मायक्रोलिटर टाका, पसरवू नका, कडेपासून लांब ठेवा. खोलीच्या तापमानाला २४ ते ४८ तास राहू द्या. या वेळातच आयपीटीजीमुळे दुपदरी आरएनए साचतो. घाईने त्याच संध्याकाळी कृमी ठेवले तर ते पहिले पोटभर जेवण आरएनएशिवाय जेवतात.

आणखी एक नियम. तुलना नेहमी रिकाम्या एल४४४० असलेल्या एचटी११५शी करा, कृमींना एरवी रोज खायला घालतात त्या ओपी५० जिवाणूशी नाही. दोन्ही ई. कोलाय असले तरी जाती वेगळ्या आहेत, आणि जेवण बदलले की कृमीचे आयुष्यही बदलते.

एकाच वयाचे कृमी

पोटात अंड्यांची रांग दिसणारे प्रौढ कृमी भरपूर असलेल्या दोन-तीन प्लेटा एम९ने धुऊन १५ मिलिच्या नळीत घ्या. एम९ म्हणजे लिटरला ३ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, ५ ग्रॅम मीठ, आणि ऑटोक्लेव्हनंतर १ मिलि १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट. कृमी असलेले द्रव ३.५ मिलि करा. त्यात १ मिलि सोडियम हायपोक्लोराइट (४ ते ५ टक्के) आणि ०.५ मिलि ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घाला. जोरात हलवा आणि दर मिनिटाला मायक्रोस्कोपखाली पाहा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला शरीरे मधून तुटू लागतात आणि अंडी बाहेर सांडतात. बहुतेक शरीरे विरघळली की लगेच एम९ने नळी भरा, १३०० जीवर मिनिटभर फिरवा, वरचे ओता. असे तीनदा. आठ-दहा मिनिटांच्या पुढे गेलात तर अंडीही मरतात. हायपोक्लोराइटची बाटली जुनी असेल तर ती आपली ताकद गमावून बसलेली असते, मग शरीरे तुटत नाहीत आणि आपण वेळ वाढवत जातो. नवी बाटली उघडा, वेळ वाढवू नका.

अंडी ५ मिलि एम९मध्ये, अन्नाशिवाय, २० अंशांवर रात्रभर हलवा. फुटलेल्या अळ्या अन्न नसल्याने एल१ या पहिल्या अवस्थेतच थांबतात, त्यामुळे सगळ्या एकाच रेषेवर येतात. दुसऱ्या दिवशी ५ मायक्रोलिटरच्या तीन थेंबांत किती आहेत ते मोजा, सरासरी काढा आणि प्रत्येक प्लेटवर साठेक अळ्या पडतील एवढे द्रव टाका.

आरएनएआय कधी सुरू करायचा

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. एल१पासून खायला घातले तर जनुक वाढीच्या काळातही बंद राहते, प्रौढ झाल्यावर घातले तर फक्त त्यानंतर. उत्तर जनुकागणिक बदलते. अँड्र्यू डिलिन, डग्लस क्रॉफर्ड आणि केनियन यांनी २००२ मध्ये दाखवले की डॅफ-२ प्रौढावस्थेच्या पहिल्या दिवसापासून बंद केले तरी आयुष्य वाढते. त्याच वर्षी डिलिन आणि सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतल्या जनुकांबाबत उलटे दाखवले. ती अळी असतानाच बंद केली तर कृमी लहान चणीचे, संथ आणि दीर्घायुषी होतात. प्रौढपणी बंद केली तर आयुष्य वाढत नाही. म्हणजे श्वसनसाखळीतल्या सीसीओ-१ सारखे जनुक प्रौढात तपासून ‘परिणाम नाही’ म्हणणे चूक, आणि डॅफ-२ वाढीपासून बंद करून ‘वाढ मंदावल्यामुळे आयुष्य वाढले’ म्हणणेही चूक.

तिसरा प्रकार वाढीला अत्यावश्यक जनुकांचा. टॉर प्रथिनाचे जनुक लेट-३६३ सुरुवातीपासून बंद केले तर अळ्या मध्येच अडकतात, प्रौढ होतच नाहीत. अशा जनुकांसाठी अळ्या आधी रिकाम्या एल४४४०वर वाढवा आणि एल४ ही अळीची शेवटची अवस्था संपताना क्लोनच्या प्लेटवर न्या.

उशिरा सुरुवात केली की परिणाम घटत जातो, असे आरएनएआयने दिसते. त्यावरून म्हाताऱ्या कृमीत डॅफ-२ महत्त्वाचे राहत नाही असा अर्थ काढणाऱ्यांनी २०२१चे काम पाहावे. त्यात आरएनएआय न वापरता डॅफ-२ प्रथिनच ऑक्सिन या वनस्पती-संप्रेरकाच्या साहाय्याने नष्ट केले, आणि गटातले बरेच कृमी मेल्यानंतर उरलेल्या वयस्कांतही आयुष्य वाढले. आरएनएआय नवा संदेश थांबवतो, आधी तयार झालेल्या प्रथिनाला हात लावत नाही.

पहिल्या प्रयोगासाठी माझा कौल: डॅफ-२ एल१पासून घाला. परिणाम ठळक येतो आणि पडताळणीला प्रौढ होईपर्यंतचे दिवस मिळतात. पद्धत बसली की प्रौढपणापासून पुन्हा करा.

जनुक बंद पडले का

पहिली पडताळणी जिवाणूंची आणि प्लेटांची, आणि ती डोळ्यांनी होते. त्याच हप्त्यातल्या एका प्लेटवर अन्क-२२चा क्लोन वाढवा. हे स्नायूतल्या ट्विचिन प्रथिनाचे जनुक आहे. ते बंद पडले की प्रौढ कृमी जागच्या जागी थरथरतात. १० कृमी बघितले आणि ९ थरथरत असले तर आयपीटीजी, कार्बेनिसिलिन आणि ऊब सगळे ठीक आहे. दुसरा सोपा क्लोन पॉस-१. त्यावर एल४ अवस्थेतले कृमी ठेवा, दिवसाने नव्या पॉस-१ प्लेटवर हलवा, आणि तिथे घातलेली अंडी पुढच्या दिवशी मोजा. अंडी पडलेली असतात पण फुटत नाहीत. निम्मी फुटत असतील तर आयुष्यमापन सुरूच करू नका, आधी प्लेटा दुरुस्त करा.

दुसरी पडताळणी तुमच्या जनुकाची. प्रौढावस्थेच्या पहिल्या दिवशी दोन-चारशे कृमी एम९ने तीन-चारदा धुवा, अर्धा तास अन्नाशिवाय हलवत ठेवा म्हणजे आतडे रिकामे होते, मग आरएनए काढून क्यूपीसीआर करा, म्हणजे संदेश किती उरला ते मोजा. इथे एक सापळा आहे. आतड्यात राहिलेल्या जिवाणूंत तुमच्याच जनुकाचा आरएनए खच्चून भरलेला असतो. प्रायमर क्लोनमधल्या तुकड्यावर बसणारे असतील तर बंद पाडलेल्या गटात संदेश ‘वाढलेला’ दिसतो. निदान एक प्रायमर त्या तुकड्याच्या बाहेर हवा. तुलनेचे जनुक म्हणून सीडीसी-४२ किंवा पीएमपी-३ बरे.

फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप असेल तर टीजे३५६ हा वाण वापरा. त्यात डॅफ-१६ला जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेले आहे. रिकाम्या वेक्टरवर हिरवा रंग पेशीभर पसरलेला दिसतो, डॅफ-२ बंद पडले की तो केंद्रकांत गोळा होतो आणि आतड्याच्या बाजूने टपोरे ठिपके दिसतात. स्लाइडवर फार वेळ ठेवू नका. उष्णतेने आणि उपासमारीनेही डॅफ-१६ केंद्रकात जातो, आणि मग नियंत्रण गटातही ठिपके दिसू लागतात.

जनुक मुख्यतः चेतापेशींत चालत असेल तर एन२ सोडून आरएनएआयला जास्त संवेदनशील वाण घ्या, उदाहरणार्थ आरआरएफ-३ किंवा ईआरआय-१. आरआरएफ-३ मध्ये पिल्ले कमी होतात आणि २५ अंशांवर ते वांझ ठरतात, त्यामुळे नियंत्रण गटही त्याच वाणाचा हवा.

मोजणी

एल१ अन्नावर ठेवल्यापासून साधारण दोन दिवसांत कृमी एल४ होतात. ओळखायची खूण: पोटाच्या बाजूला, शरीराच्या मध्यावर, स्वच्छ अर्धचंद्र आणि त्याच्या आत एक गडद ठिपका. अर्धचंद्र दिसतो तेच उचला. अंडी दिसू लागलेला कृमी एका दिवसाने म्हातारा आहे. प्रत्येक नव्या प्लेटवर २५ ठेवा आणि हा दिवस शून्य म्हणून लिहा. शून्य कुठला हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर दोन प्रयोगांची तुलना एक-दोन दिवसांनी सरकते.

अंडी घालण्याच्या काळात, म्हणजे पहिला आठवडाभर, कृमी दर दोन दिवसांनी नव्या प्लेटवर हलवा. पिल्ले तिसऱ्या दिवसानंतर आईएवढी दिसू लागतात आणि मग कोण कोण ते कळत नाही. ही मेहनत टाळायला एफयूडीआर (५० मायक्रोमोलर) वापरतात. ते डीएनएची नक्कल थांबवते, म्हणून पिल्ले होत नाहीत. सोयीचे आहे, पण काही वाणांत ते स्वतःच आयुष्य बदलते, माणसाला विषारी आहे, आणि प्लेटवरच्या जिवाणूंनाही वाढू देत नाही. तीन गटांच्या पहिल्या प्रयोगात हातानेच हलवावे. पन्नास क्लोन एकदम तपासायचे असतील तेव्हा त्याचा विचार करा, आणि तेव्हाही नियंत्रण गटात तेवढेच घाला.

मोजणी दर दोन दिवसांनी, एकाच वेळी. प्लेट टेबलावर हळूच आपटा, बरेच कृमी त्यानेच हलतात. जो हलला नाही त्याच्या डोक्याजवळ तारेने हलकेच स्पर्श करा आणि पाच-दहा सेकंद डोळे तिथेच ठेवा. म्हातारा कृमी सरपटत नाही, फक्त नाक कणभर वळवतो किंवा घसा एकदा धडकतो. तो जिवंत आहे. शंका असेल तर आज जिवंत लिहा आणि उद्या पुन्हा पाहा. प्लेटांवर गटाचे नाव न लिहिता दुसऱ्याकडून आकडे टाकून घ्या. डॅफ-२ची प्लेट माहीत असली की माणूस त्या कृमीला एक स्पर्श जास्त देतो, हे टळत नाही.

काही कृमी म्हातारपणाने मरत नाहीत. कुणाच्या पोटातच अंडी फुटतात आणि पिल्ले आईला आतून खातात. कुणाची आतडी योनीद्वारातून बाहेर येतात. कुणी भिंतीवर चढून वाळतो, कुणी सापडतच नाही. अशांना ‘वगळलेले’ म्हणून नोंदवा, म्हणजे सेन्सर करा. ज्या दिवशी शेवटचे जिवंत दिसले तो दिवस लिहायचा. यादीतून खोडून टाकायचे नाहीत, कारण त्या दिवसापर्यंत ते जिवंत होते ही माहिती खरी आहे. १२५ पैकी १५ असे गेले तर नेहमीचेच. एका गटात ३० आणि दुसऱ्यात ५ गेले तर थांबून पाहा. कदाचित तो क्लोन कृमींना जिवाणूंपासून दूर पळवतो आहे. पेशीची महत्त्वाची कामे बंद पाडणाऱ्या क्लोनवर कृमी जेवण सोडून कडेला जातात, आणि मग आयुष्य वाढले तरी ते उपाशी राहिल्यामुळे नाही हे तुम्हाला सिद्ध करावे लागते.

बुरशी दिसली तर त्या प्लेटवरचे कृमी नव्या प्लेटच्या कोऱ्या कोपऱ्यात सोडा, अर्धा तास चालू द्या आणि मग परत नव्यावर उचला. बुरशीचे झाकण बाकीच्या प्लेटांजवळ उघडू नका.

आकडे

प्रत्येक कृमीची एक ओळ: गट, प्लेट, दिवस, मृत की सेन्सर. कॅप्लान-मायर आलेख (कोणत्या दिवशी किती टक्के जिवंत ते दाखवणारा) काढा आणि लॉग-रँक चाचणी करा. आर भाषेतले सर्व्हायव्हल पॅकेज किंवा ऑनलाइन ओएसिस-२, दोन्ही चालतात. एक्सेलमध्ये सरासरी काढून टी-टेस्ट लावू नका, त्यात सेन्सर केलेले कृमी बसत नाहीत. गटांची तुलना प्लेटनिहायही करून पाहा. पाचपैकी एकाच प्लेटने सगळा फरक आणला असेल तर तो फरक त्या प्लेटचा आहे. पूर्ण प्रयोग, नवे कृमी आणि नव्या प्लेटा घेऊन, निदान तीनदा.

एचटी११५वर रिकाम्या वेक्टरचे कृमी सरासरी अठरा-वीस दिवसांच्या आसपास जगायला हवेत. ते बारा दिवसांतच संपत असतील तर तापमान किंवा संसर्ग तपासा, डॅफ-२च्या रेषेकडे पाहूही नका. डॅफ-२ आरएनएआयचा परिणाम उत्परिवर्तनापेक्षा सहसा सौम्य असतो. दीडपटीच्या आसपास वाढ आली तरी पद्धत चालते आहे असे समजा. शेवटचा कृमी मरेपर्यंत दीड ते दोन महिने जातात, तेव्हा सुट्ट्या आणि परीक्षा पाहूनच शून्यावा दिवस ठरवा.

पुढच्या प्रयोगात दोन जनुके एकत्र बंद करायचा मोह होईल. दोन क्लोन निम्मेनिम्मे मिसळले की प्रत्येकाचा डोस निम्मा होतो, म्हणून नियंत्रण म्हणून डॅफ-२ अधिक रिकामे एल४४४०, निम्मेनिम्मे, हा गट लागतोच. त्यापेक्षा डॅफ-१६चे उत्परिवर्तन असलेल्या कृमींना डॅफ-२चा क्लोन खायला घाला. त्यांचे आयुष्य वाढले नाही तर वाढीचा मार्ग डॅफ-१६मधूनच जातो हे स्वच्छ दिसते, आणि हीच पद्धत नव्या जनुकासाठीही वापरता येते. वापरून झालेल्या सगळ्या प्लेटा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच कचऱ्यात टाका. त्यांत अँपिसिलिनला दाद न देणारे जिवाणू आहेत.